नुसते बघत बसण्याचे काम

विज्ञान दिनाच्या निमित्ताने आमच्या पुंडलिकनगर भागातील एका शाळेने निबंधस्पर्धा घेतली आणि वह्या तपासायला आमच्याकडे दिल्या. विषय ठरलेलाच होता : 'स्वयंचलित यंत्रे – शाप की वरदान?' हा निबंध आम्हीही शाळेत लिहिला आहे. आमच्या शिक्षकांनीही लिहिला असेल. पहिला परिच्छेद वरदानाचा, दुसरा शापाचा. शेवट असा, की यंत्र मुळात चांगलेही नसते आणि वाईटही नसते. त्यावर लक्ष ठेवणारा माणूस जागरूक असला म्हणजे झाले. पन्नासेक वह्यांपैकी जवळजवळ सगळ्यांचा शेवट हाच होता.

नववीतल्या एका मुलीने मात्र मध्येच चार वेगळ्या ओळी लिहिल्या होत्या. तिचे वडील वाळूजच्या एका कारखान्यात पॅनेलसमोर बसतात. सगळे आपोआप चालते, ते फक्त लक्ष ठेवतात. तरी घरी येतात तेव्हा पार दमलेले असतात. तिची आई त्यांना विचारते, "नुसते बघत बसायचे काम, मग दमता कशाने?" पुढे या मुलीनेही इतरांसारखाच शेवट केला होता. पण तिच्या आईचा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. त्याचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा निबंधाचा तो ठरावीक शेवटच कच्चा आहे असे दिसू लागले. या लेखात आम्ही त्या शेवटाचीच तपासणी करणार आहोत.

टाकी भरल्याचा आवाज

आधी स्वयंचलित नियंत्रण म्हणजे काय ते पाहू. त्यासाठी कारखान्यात जायला नको. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणे आमच्या शहराला नवे नाही. त्यामुळे घरोघरी हौद, मोटार आणि गच्चीवर टाकी असते. पूर्वी आमच्या घरी मोटार चालू केली, की आई स्वयंपाक करता करता पाण्याच्या आवाजाकडे कान ठेवून असे. टाकी भरत आली की धारेचा आवाज बदलतो. तो बदलला की ती मोटार बंद करी. पुढे आम्ही टाकीत तरंगता स्विच बसवला. पाणी वर आले की तो उचलला जातो आणि मोटार आपोआप बंद होते. पातळी मोजणे, ठरलेल्या पातळीशी ताडून पाहणे आणि त्यानुसार कृती करणे, हे तीन टप्पे प्रत्येक स्वयंचलित यंत्रणेत असतात. मग ती टाकी असो, बॉयलर असो, विमान असो की अणुभट्टी.

दोन-तीन वर्षे स्विच बिनतक्रार चालला. मग एक दिवस तो अडकला आणि आठवड्याचे पाणी गच्चीवरून वाहून गेले. घरात चार माणसे होती, पण आवाज कोणीच ऐकला नाही. ती बेफिकीर होती म्हणून नव्हे. तो आवाज ऐकण्याची गरज दोन वर्षांत पडली नव्हती, म्हणून ती सवयच गेली होती. देखरेखीला माणसे होती असे म्हणता येईल. देखरेख मात्र नव्हती.

लक्ष किती वेळ टिकते?

आता त्या मुलीच्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलापुढे एक अडचण होती. रडारच्या पडद्याकडे तासन्‌तास बघत बसणाऱ्या चांगल्या, तरबेज माणसांच्या नजरेतूनही खुणा निसटत. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने यासाठी एक साधे घड्याळ केले. त्याचा काटा दर सेकंदाला एक टप्पा पुढे सरके आणि क्वचित, न सांगता, एकदम दोन टप्पे उडी मारी. बघणाऱ्याने ती दुहेरी उडी दिसताच बटण दाबायचे. काम इतके सोपे, की पहिल्या काही मिनिटांत फारसे कोणी चुकत नसे. पण पहिल्या अर्ध्या तासातच निसटलेल्या उड्यांची संख्या वाढू लागे. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या या कामानंतर असे प्रयोग अनेकांनी, अनेक प्रकारे केले आणि मूळ निष्कर्ष टिकून राहिला. ज्यात क्वचितच काही घडते अशा गोष्टीवर अखंड लक्ष ठेवणे माणसाला फार जड जाते. त्यात इच्छाशक्ती खर्च होते, ताण येतो. पॅनेलसमोरचा माणूस दमतो तो याने.

म्हणजे 'माणसाने जागरूक राहावे' हा उपदेश 'माणसाने दोन तास श्वास रोखावा' या उपदेशाच्या जातीचा आहे. शिकवण देऊन, दंड करून किंवा भिंतीवर पाटी लावून शरीराच्या मर्यादा हटत नाहीत.

लिझान बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1983 साली 'स्वयंचलनातील विरोधाभास' अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक छोटा निबंध लिहिला. रासायनिक कारखान्यांचे नियंत्रण कक्ष त्यांच्या अभ्यासात होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. यंत्रणा आखणारा अभियंता माणसाला बेभरवशाचा समजतो आणि त्याच्या हातचे काम काढून घेतो. पण जे काम यंत्राला जमवता आले नाही, ते मात्र त्याच माणसाकडे राहते. ते असते सर्वांत अवघड, म्हणजे यंत्र हरले की क्षणात सूत्रे हाती घेण्याचे. आणि रोज हाताने काम करण्याचा सराव तर आपणच काढून घेतलेला असतो. शिवाय माणसापेक्षा यंत्र जलद आणि अचूक निर्णय घेते म्हणून ते बसवले असेल, तर ते निर्णय बरोबर आहेत की नाहीत हे त्याच माणसाने त्याच क्षणी कसे तपासायचे? चाळीस वर्षे उलटून गेली, तरी या प्रश्नांना पुरते उत्तर मिळालेले नाही.

मुंबईहून निघालेले विमान

14 फेब्रुवारी 1990 रोजी इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-320 जातीचे विमान मुंबईहून बंगळूरला निघाले. विमान जेमतेम दोन महिने वापरलेले होते, हवा स्वच्छ होती, यंत्रांत बिघाड नव्हता. तरी ते धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर टेकले, पुढे बांधाला धडकले आणि पेटले. 146 जणांपैकी 92 जण दगावले.

या विमानाची यंत्रणा उतरताना वेगवेगळ्या पद्धतींनी काम करू शकत असे. एका पद्धतीत ती इंजिनांचा जोर कमीजास्त करून ठरलेला वेग राखते. दुसऱ्या पद्धतीत इंजिने अगदी मंद ठेवून विमान खाली येत राहते आणि वेग फक्त नाकाच्या कलाने सांभाळला जातो. उंचावरून खाली येताना ही दुसरी पद्धत सोयीची आहे, जमिनीजवळ मात्र घातक. त्या दिवशी विमान शेवटच्या टप्प्यात या दुसऱ्या पद्धतीत होते. त्यातून बाहेर येण्यासाठी दोन्ही वैमानिकांचे मार्गदर्शक दर्शक बंद व्हायला हवे होते. एकाचा बंद झाला, दुसऱ्याचा राहिला. वैमानिक नाक वर धरून उंची सांभाळू लागले आणि मंद इंजिनांमुळे वेग घसरत गेला. जोर वाढवला गेला तेव्हा उशीर झाला होता, कारण मंद चालणाऱ्या जेट इंजिनाला पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागतातच.

चौकशीत ठपका वैमानिकांवर आला. इंजिने मंद आहेत हे कळूनही आणि उंचीचे इशारे ऐकूनही त्यांनी वेळेवर जोर वाढवला नाही. हे खरेच आहे. पण त्यांच्या हाताखाली काय होते तेही पाहू. तोवरच्या बहुतेक मोठ्या विमानांत यंत्रणेने जोर कमीजास्त केला, की वैमानिकापुढचे दांडेही आपोआप मागेपुढे सरकत. हात त्यांवर असला की न बघता कळे. ए-320 मध्ये स्वयंचलित पद्धतीत दांडे जागचे हलत नाहीत. किती जोर आहे ते पडद्यावरच्या आकड्यांत आणि अक्षरांत दिसते. माहिती होती, पण ती हाताला कळण्याऐवजी डोळ्यांनी वाचायची होती, आणि तीही ज्या मिनिटाला डोळे खिडकीबाहेर धावपट्टीवर असतात त्या मिनिटाला. आमच्या टाकीचा आवाज गेला, तसाच हाही एक आवाज गेला होता.

'मानवी चूक' हे दोन शब्द अशा वेळी वर्तमानपत्राच्या मथळ्याला पुरतात. आमचा आक्षेप असा, की चौकशी खरी तिथून सुरू व्हायला हवी. चूक झाली, हे वर्णन झाले. ती त्या जागी इतकी सोपी का होती, हे कारण झाले.

दिवा नेमके काय सांगतो?

28 मार्च 1979 रोजी अमेरिकेतील थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडली आणि उघडीच अडकली. त्यातून थंड करणारे पाणी निघून जात राहिले. नियंत्रण कक्षात त्या झडपेसाठी एक दिवा होता. तो विझला, म्हणून कामगारांनी झडप बंद झाली असे मानले. प्रत्यक्षात तो दिवा झडप बंद आहे हे सांगतच नव्हता. झडपेला 'बंद हो' असा विद्युत संदेश गेला, एवढेच सांगत होता. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक इशारे एकाच वेळी वाजत होते, ते वेगळेच. गाभा तापू लागला असताना माणसांनी आणीबाणीचा पाणीपुरवठा कमी केला. अणुभट्टीचा गाभा मोठ्या प्रमाणात वितळला.

आणखी एक उदाहरण गणिताच्या शिक्षकांना आवडेल. 20 जानेवारी 1992 रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गजवळ एक ए-320 डोंगरावर आदळून 87 जण मरण पावले. या विमानात उतरण्याचा कोन आणि उतरण्याचा वेग या दोन्ही गोष्टी एकाच बटणाने, एकाच खिडकीत ठरवल्या जात. कोणती पद्धत चालू आहे ते वेगळ्या कळीने ठरे. चौकशीत जी शक्यता पुढे आली ती अशी : वैमानिकांना 3.3 अंशांचा उतार हवा होता, पण पद्धत वेगाची असल्याने यंत्रणेने 33 चा अर्थ मिनिटाला 3300 फूट असा घेतला. उतरतानाच्या नेहमीच्या वेगाने 3.3 अंशांचा उतार म्हणजे मिनिटाला साधारण 800 ते 900 फूट. विमान जवळजवळ चौपट वेगाने खाली येत होते. पुढे त्या खिडकीत वेग पूर्ण चार आकड्यांत दाखवण्याची सुधारणा झाली. एकक न लिहिल्याबद्दल आपण मुलांचा अर्धा गुण कापतो, तो का, हे सांगायला यापेक्षा बोलके उदाहरण आम्हाला माहीत नाही.

बीड रस्त्यावरचा ट्रक

आता आपल्या गावात येऊ. 26 एप्रिल 1993 रोजी चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 धावपट्टीच्या अगदी टोकाशी जमिनीवरून उठले. धावपट्टीपुढून बीड रस्ता जात होता. त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचे डावे चाक आणि इंजिनाचा खालचा भाग ट्रकला लागला. पुढे सुमारे तीन किलोमीटरवर ते उच्च दाबाच्या तारांना अडकून कोसळले. 118 जणांपैकी 55 जण गेले. तेव्हाच्या औरंगाबादेत राहणाऱ्या बहुतेकांच्या मनात तो दिवस आजही आहे.

या अपघातात स्वयंचलित यंत्रणेचा दोष नव्हता, हे आम्ही स्पष्ट सांगतो. तरी तो इथे घेतला, कारण त्याची कारणे दोन नोंदली गेली. पहिले, वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या रीतीने उचलले. दुसरे, विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरील वाहतूक रोखण्याची व्यवस्था विमानतळ प्राधिकरणाने केली नाही. आमच्या ओळखीच्या अनेकांना विचारून पाहिले. पहिले कारण बहुतेकांना आठवते, दुसरे थोड्यांना. माणसाचा दोष स्मरणात राहतो आणि व्यवस्थेचा पुसला जातो. वैमानिकाच्या एका चुकीनंतरही विमान वाचावे, यासाठीच तर रस्त्यावर कोणीतरी उभे असायला हवे होते.

नरोऱ्याची पहाट

यावर कोणी म्हणेल, माणूस इतका कच्चा दुवा असेल तर त्याला काढूनच टाका. हा युक्तिवाद पोकळ नाही. बॉयलरमधले पाणी कमी होताच जाळ बंद करणारे साधन, किंवा माणसाच्या आधी अणुभट्टी बंद करणारी यंत्रणा यांनी असंख्य जीव वाचवले असतील. जे काम सेकंदाच्या अंशात करायचे, ते यंत्रानेच करावे.

पण चिकलठाण्याच्या अपघाताआधी महिनाभरही झाला नव्हता, तेव्हाची एक घटना पाहा. 31 मार्च 1993 रोजी पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला आणि आग विजेच्या तारांमधून पसरली. कामगारांनी मिनिटाच्या आत अणुभट्टी हाताने बंद केली. पण नेहमीच्या आणि आणीबाणीच्या दोन्ही विजेच्या तारा जळाल्या आणि केंद्र सुमारे सतरा तास विजेविना राहिले. नियंत्रण कक्षात धूर भरला, तो सोडावा लागला. एकही पडदा, एकही दिवा काही सांगत नव्हता. तेव्हा काही माणसे बॅटऱ्या घेऊन अणुभट्टीच्या इमारतीवर चढली आणि त्यांनी हाताने झडपा उघडून बोरॉनचे द्रावण आत सोडले, म्हणजे साखळी प्रक्रिया पुन्हा सुरू होऊ नये. डिझेलवर चालणारे आग विझवण्याचे पंप लावून थंड करण्याचे पाणी दिले गेले. किरणोत्साराने कोणी दगावले नाही.

नरोऱ्याची माणसे बंगळूरच्या वैमानिकांपेक्षा जास्त जागरूक जातीची होती असे नाही. त्यांना झडप कुठे आहे ते ठाऊक होते, तिथवर पायी पोचता येत होते, ती हाताने फिरत होती आणि फिरवण्यासाठी वेळ होता. फरक इथे आहे.

चार प्रश्न

म्हणून कोणी 'देखरेखीला माणूस आहे' असे सांगितले, की आम्ही चार प्रश्न विचारावेत असे म्हणतो. त्याला खरी स्थिती दिसते का, की फक्त यंत्राला दिलेला हुकूम दिसतो? विचार करून हात घालण्याइतका वेळ त्याला मिळतो का? हाताने काम करण्याचा सराव त्याला अधूनमधून दिला जातो का? आणि शंका आली तर उत्पादन थांबवण्याचा अधिकार त्याला आहे का, की थांबवल्याबद्दल दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभे राहावे लागते?

चौथा प्रश्न विज्ञानाच्या पुस्तकात नसतो. पण वाळूज असो की शेंद्रा, पॅनेलवरच्या कोणालाही विचारा. तोच पहिला सांगेल. आणि या चारही प्रश्नांच्या आधीचा एक प्रश्न आहे : यंत्रणा काय करते हे त्याला सांगितले आहे का? बोइंग 737 मॅक्स विमानात नाक आपोआप खाली दाबणारी एक यंत्रणा होती. ती कोनमापक एकाच संवेदकावर विसंबून होती आणि वैमानिकांच्या पुस्तिकेत तिची माहितीच दिलेली नव्हती. ऑक्टोबर 2018 मध्ये इंडोनेशियात असे एक विमान पडले, तेव्हा ती सर्वांना कळली. मार्च 2019 मध्ये इथिओपियात दुसरे पडले. त्या वैमानिकांना यंत्रणेचे नाव ठाऊक झाले होते, पण सावरायला पुरेसा वेळ मिळाला नाही. दोन्ही मिळून 346 माणसे गेली.

चारही प्रश्नांना 'नाही' असे उत्तर येत असेल, तर तो माणूस देखरेखीसाठी बसवलेला नाही. अपघातानंतर बोट दाखवता यावे म्हणून बसवलेला आहे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणा रुग्णालयांत, रेल्वेत, कारखान्यांत येऊ लागल्या आहेत आणि प्रत्येक वेळी 'अंतिम निर्णय माणसाचाच राहील' असे आश्वासन दिले जाते. त्यालाही हेच प्रश्न लावावेत.

वर्गात काय करता येईल?

मॅकवर्थचा प्रयोग वर्गात होऊ शकतो. मुलांना मान खाली घालून बसवा. टेबलावर पेन्सिलीने सेकंदाला एक असा ठोका देत राहा आणि वीस मिनिटांत दहा-बारा वेळा, अनियमितपणे, एक ठोका गाळा. किती गाळणार ते सांगू नका. ठोका गळाला असे वाटले, की मुलांनी त्या मिनिटापुढे रेघ मारायची. मिनिट बदलले की तुम्ही सांगा. शेवटी पहिल्या दहा आणि नंतरच्या दहा मिनिटांतील निसटलेल्या ठोक्यांची तुलना करा. फरक दिसला नाही, तर काल लांबवून पाहा. ठोके देणारे तुम्हीही कंटाळाल. तेही नोंदवा, कारण तुम्हीसुद्धा त्या प्रयोगाचा भाग आहात.

आणि निबंधाचा विषय बदलावा, अशी आमची विनंती आहे. 'शाप की वरदान' या प्रश्नाचे उत्तर मुलांना प्रश्न वाचण्याआधीच पाठ असते. त्याऐवजी 'आमच्या घरातील किंवा परिसरातील एक स्वयंचलित यंत्र : ते बिघडले तर कोणाला, कसे आणि किती वेळात कळेल?' असा विषय द्या. लिफ्ट, रेल्वेचे फाटक, गीझर, पिठाची गिरणी, काहीही चालेल. मुले घरी जाऊन विचारतील, बघतील, आणि कदाचित आईवडिलांच्या कामाबद्दल पहिल्यांदाच नीट ऐकतील. त्यांच्यातलीच काही दहा वर्षांनी एखाद्या पॅनेलसमोर बसणार आहेत, आणि काही ते पॅनेल आखणार आहेत.

त्या मुलीला आम्ही पहिला क्रमांक दिला. वहीत शेवटच्या वाक्याखाली रेघ मारून लिहिले, 'हे वाक्य खोड. आईचा प्रश्न शेवटी घे.'